चोवीसाचे एकवीस झाले तेव्हा

आमची भिंगरी त्या स्पर्धेत सहा मॅच जिंकली आणि सातवी, म्हणजे फायनल, हरली. एवढं सगळ्यांना माहीत आहे. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, ताईच्या इमारतीच्या लिफ्टमध्येही कुणीतरी फोटो चिकटवला. मी सांगतोय ते त्या फोटोच्या मागचं. मधल्या दोन आठवड्यांत मी जो गाढवपणा केला, तो दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगितलेला बरा.

मी टेनिसच्या रॅकेटला गटिंग करतो, म्हणजे तारा ओढतो. तिसाव्या वर्षी त्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं, आता एकसष्ट चालू आहे. स्टेडियमच्या पोटात, खेळाडूंच्या कॅन्टीनच्या खाली, एक लांबट बिनखिडकीची खोली. ओळीनं पंधरा मशीन. खेळाडू किंवा त्याचा कोच रॅकेट आणून देतो, चिठ्ठीवर लिहितो किती किलोनं ओढायच्या, आणि आम्ही माना मोडेपर्यंत ओढत बसतो. एका खेळाडूच्या रॅकेटी स्पर्धाभर एकाच माणसाकडे, असा तिथला शिरस्ता. हात बदलला की रॅकेटचा स्वभाव बदलतो. भिंगरी माझी सख्खी भाची, थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईची, मुलगी. ती नऊ वर्षांची असल्यापासून तिच्या रॅकेटी माझ्याकडे. बावीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात मी त्यांना लागू दिला नव्हता, आणि याचा मला जरा जास्तच माज होता.

दुसरा माज डोळ्यांचा. मला रॅकेट वाचता येते. किलो वाढवून घेतले की समजायचं, बाईसाहेब मनातून घाबरल्यात, चेंडू बाहेर जाईल म्हणून जपून खेळणार. किलो एकदम उतरले आणि कडक काळी तार जाऊन मऊ पिवळी आली की समजायचं, हात गेला. कोपर नाहीतर खांदा. कडक तारेचा दणका सोसवत नाही तेव्हाच माणूस त्या पिवळ्या तारेकडे वळतो. आमच्या भिंतीवर टाइप केलेला एक कागद आहे, 'या खोलीत दिसलेलं या खोलीतच राहील.' मी तो रोज बघतो. पण घरच्या घरी एखादा शब्द बोलला तर काय आभाळ कोसळतंय, असं माझं मत. पहिल्या फेरीत भिंगरीच्या समोरच्या मुलीनं दोन किलो वाढवून घेतले होते. मी जाता जाता भिंगरीला म्हटलं, "घाबरलीय. पहिल्या दहा मिनिटांत अंगावर जा." सहा-दोन, सहा-तीन. तासाभरात खेळ खलास. मला कोण आनंद झाला.

त्याच दुपारी तिचा खांदा धरला.

आम्ही स्टेडियमपासून दोन रस्ते पलीकडे एक फ्लॅट भाड्यानं घेतला होता. आतल्या खोलीत पलंग भिंतीला सरकवून मालिशचं टेबल मांडलेलं. त्यावर भिंगरी पालथी पडलेली, आणि आमची फिजिओ तिच्या उजव्या खांद्यात अंगठा रुतवून उभी. ही फिजिओ चार महिन्यांपूर्वी आलेली. तिशीची असेल. कामात चोख, पण बोलणं मोजूनमापून, आणि सदानकदा एका छोट्या वहीत काहीतरी लिहीत असायची. कमी बोलणाऱ्या आणि जास्त लिहिणाऱ्या माणसावर माझा आधीपासूनच विश्वास नाही.

"फाटलेला नाही," ती म्हणाली, "पण फाटायच्या बेतात आहे. हात डोक्याच्या वर जितका कमी जाईल तितकं बरं. उंच चेंडू घेऊ नकोस, रॅली लांबवू नकोस, दोनचार फटक्यांत पॉइंट संपव. एवढं सांभाळलंस तर स्पर्धा निघेल. पुढे मात्र ऑपरेशनच."

"पुढे मला खेळायचंच नाहीये," भिंगरी उशीतून म्हणाली. "ही शेवटची. एवढी निघू दे."

एकतीस वर्षांची झाली होती ती. जगात अठ्ठ्याऐंशीवा नंबर. अकरा वर्षं मोठ्या स्पर्धा खेळली आणि तिसऱ्या फेरीच्या पुढे कधी गेली नाही. दुसऱ्या आठवड्यात मोठ्या कोर्टावर एकदा उभं राहायचं, एवढीच तिची हौस होती, आणि ती ताईला लाजत सांगायची. आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. खांद्याचं बाहेर कळता कामा नये. कळलं तर समोरची प्रत्येक मुलगी चेंडू उंच उडवून उडवून तिचा हात मोडून ठेवणार. खोलीत आम्ही चौघं होतो. भिंगरी, फिजिओ, मी आणि कोच, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात. चौघांनी तोंडाला कुलूप लावायचं ठरलं. ताईलासुद्धा सांगायचं नाही. ताईला सांगणं म्हणजे इमारतीला सांगणं.

त्या संध्याकाळी मी तिच्या तिन्ही रॅकेटींच्या तारा कापल्या आणि पुन्हा ओढल्या. चोवीस किलोच्या जागी एकवीस, काळ्या तारेच्या जागी पिवळी. मग सवयीप्रमाणे दांडीच्या वर पांढरी चिकटपट्टी लावली आणि लाल जाड पेनानं आकडा घातला. ही आमची घरची रीत. भिंगरी तेरा वर्षांची असताना एका फायनलमध्ये तार तुटली, गडबडीत तिनं बॅगेतून भलतीच रॅकेट उचलली, आणि जिंकत आलेली मॅच घालवून दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून मी आकडा मोठ्ठा घालतो. घामानं डोळे चुरचुरत असले तरी दिसला पाहिजे. माझं ते लाल अक्षर हातात घेतल्याशिवाय ती कोर्टवर गेलेली मला आठवत नाही.

दुसरी फेरी. समोर एक उंच, दांडगी मुलगी, जिनं आयुष्यात कधी नाजूक काम केलं नसेल. सगळे चेंडू सपाट, जाळीला घासून. तिसऱ्या गेममध्ये तिनं अचानक एक लॉब टाकला, म्हणजे डोक्याच्या वरून जाणारा उंच चेंडू. मग दुसरा. मग तिसरा. भिंगरी मागे सरकत होती, हात वर नेताना तिचे ओठ आवळत होते. मी मोजत होतो. सात लॉब. तीन सेट चालली मॅच, जिंकली कशीबशी. मी म्हटलं असेल योगायोग. दुसऱ्या दिवशी पेपरात भिंगरीचा फोटो आला, बाकावर टॉवेल पांघरून बसलेली, बाजूला बॅग. मी तो कापून ताईसाठी खिशात ठेवला.

तिसऱ्या फेरीत पहिल्या गेमपासूनच लॉब. नऊ. ही दुसरीच मुलगी, दुसऱ्याच देशाची, पण खेळ तोच, जणू दोघींनी एकाच मास्तरांकडे शिकवणी लावली होती. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. भिंगरी जिंकली, अकरा वर्षांत पहिल्यांदा चौथ्या फेरीत गेली, सर मला मिठी मारायला आले, आणि मी त्यांच्या खांद्यावरून फिजिओकडे बघत होतो. ती वहीत लिहीत होती.

मी हिशेब मांडला. भिंगरी स्वतः सांगणार नाही. मी सांगितलं नाही, हे मला माहीत होतं. सर बारा वर्षं तिच्याबरोबर आहेत, त्यांचे अर्धे केस तिच्या दुसऱ्या सर्व्हपायी गळलेत. राहिलं कोण? मी फिजिओवर डोळा ठेवला. ती बर्फ आणायला गेली की मीही बर्फ आणायला जायचो. तिचा फोन वाजला की मला तहान लागायची. "मामा, तुमचं पोट बरं आहे ना?" तिनं एकदा विचारलं, "सारखे उठताय म्हणून." मी म्हटलं, उत्तम आहे. मला तर वाटलं, बाई चाणाक्ष आहे, मलाच उलटं तपासतेय.

आणि मग कॅन्टीनमध्ये रंगेहाथ सापडली. निदान मला तसं वाटलं. कोपऱ्यातल्या टेबलावर ती, आणि समोर चौथ्या फेरीत भिंगरीशी खेळणाऱ्या मुलीचा कोच. मध्ये ती वही, उघडी. तो मान डोलावत होता. ती हसली. आमच्याकडे चार महिन्यांत हसली नव्हती.

मी तिथे तमाशा केला नाही. मी सापळा लावला. आणि त्याचा मला त्या वेळी केवढा अभिमान वाटला होता, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात. फिजिओ एकटी बघून मी हळूच म्हटलं, "कुणाला बोलू नका हं. भिंगरी उद्या प्रत्येक सर्व्हवर पुढे जाळीपाशी धावणार आहे." साफ खोटं. जाळीपाशी आलेल्यावर काय टाकतात? लॉब. म्हणजे उद्या लॉब आले, की समजायचं घरभेदी कोण.

"खांद्याला सोसणार नाही ते," फिजिओ म्हणाली. "मी सरांशी बोलते."

"सरांशी बोलू नका म्हणून तर सांगतोय." ती तेल शोधायला लागली.

चौथ्या फेरीत अकरा लॉब आले. प्रत्येक लॉबला मी मांडीवर थाप मारत होतो. शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं असेल, मी समोरच्या मुलीचा बाप. भिंगरी त्या दिवशी एकदाही जाळीपाशी गेली नव्हती, आणि तरी लॉब येत होते, म्हणजे माझ्या थापेचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मी ठरवूनच बसलो होतो.

तिसऱ्या सेटमध्ये सात-पाच अशी जिंकून ती फ्लॅटवर आली तेव्हा तिला जिना चढवत नव्हता. टेबलावर आडवी झाली. फिजिओनं हात धुतले. आणि मी दारात उभा राहून सगळं ओकलो. कॅन्टीन, वही, सापळा, अकरा लॉब.

सर म्हणाले, "मामा, जरा बसा." मी बसलो नाही.

फिजिओनं टॉवेलनं हात पुसले. "पुढच्या आठवड्यापासून मला काम नाही," ती म्हणाली. "भिंगरी खेळणं सोडतेय, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यांच्याकडे जागा आहे का, ते विचारत होते. वहीत मी काय काम करते ते दाखवलं. दुसऱ्या खेळाडूंचं. हिचं पान दुमडून ठेवलं होतं."

"अस्सं," मी म्हटलं. फार वाईट तऱ्हेनं म्हटलं.

भिंगरीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मामा, तुला खात्री आहे?"

"माझ्या हाताइतकी."

तिनं डोळे मिटले. तिनं माझा शब्द धरला, हे मला आजतागायत टोचतं. तिनं जरा वाद घातला असता, मला चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. पण बावीस वर्षं मी सांगेन तेवढ्याच किलोची रॅकेट हातात घेणारी ती मुलगी. ती फक्त फिजिओला म्हणाली, "सॉरी. आत्ता मला डोकं शांत हवंय."

फिजिओनं आदळआपट केली नाही. पट्ट्यांची भेंडोळी, तेलाची बाटली, दोन रबरी चेंडू पिशवीत भरले. जाताना वहीतली चार पानं फाडून सरांच्या हातात दिली. "खांद्याचे व्यायाम आहेत, किती वेळ काय करायचं ते. पुढच्या माणसाला लागतील." मी दार लावून घेतलं आणि मला हायसं वाटलं, हेही कबूल करतो.

पुढचा दिवस विश्रांतीचा, त्याच्या पुढचा क्वार्टर फायनलचा. स्पर्धेकडून बदली फिजिओ म्हणून एक सरकारी चेहऱ्याचा गृहस्थ मिळाला, त्यानं खांद्याला पट्टी गुंडाळली आणि घड्याळ बघितलं. भिंगरी मोठ्या कोर्टावर आली. जिच्यासाठी अकरा वर्षं काढली ती जागा. आणि पहिल्याच गेममध्ये समोरून लॉब आला. फिजिओ तर गेली होती. मग हा लॉब कुठून आला? चौदा मोजले मी त्या दिवशी. शेवटी शेवटी भिंगरी सर्व्ह नुसती ढकलत होती. समोरच्या मुलीच्या पायात गोळे आले म्हणून जिंकली, नाहीतर मेलीच होती.

फ्लॅटवर आल्यावर तिला स्वतःचे केस बांधता येईनात. हात वर जाईना. तिनं रबर बँड माझ्यापुढे धरला, मी तिच्या केसांना लावून दिला, ताई कामावर गेली की शाळेच्या वेळी लावून द्यायचो तसा. मला रडू आलं. पण माझं ध्यान असं, की रडता रडता मी सरांचा विचार करत होतो. आता उरले सर. ते गॅलरीत फोनवर हळू आवाजात बोलत होते. मी पडद्याआड उभा राहून ऐकलं. ऑपरेशनच्या डॉक्टरांची तारीख मागत होते. मी पडद्यामागून बाहेर आलो तेव्हा सरांनी मला बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. चांगला माणूस.

सेमीफायनलच्या आदल्या सकाळी मी खोलीत कामाला बसलो होतो. माझ्या शेजारच्या मशीनवर एक बाई असते, आम्ही वीस वर्षांचे शेजारी, मी तिला शेजारीणच म्हणतो. भिंगरीची सेमीफायनल ज्या डावखुऱ्या मुलीशी होती, तिच्या रॅकेटी या शेजारणीकडे. ती चहा आणायला गेली आणि माझी नजर सवयीनं तिच्या आकड्यावर, म्हणजे रॅकेटी अडकवतात त्या हुकावर गेली. डावखुरीच्या चार रॅकेटी. कालपर्यंत काळी तार होती. आज पिवळी. खाली चिठ्ठी, पंचवीस खोडून बावीस.

हिचा हात गेलाय.

मी अक्षरशः उडालो. हातातली पक्कड टाकली, लिफ्टची वाट बघितली नाही, जिना चढायला लागलो. सरांना सांगायचं, भिंगरीला सांगायचं, उद्या तिच्या हातावर ताण आणा, लांब रॅली खेळवा, एका तासात मोडेल. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा देव आमच्याकडे बघत होता. दोन जिने चढलो. एकसष्टाव्या वर्षी दोन जिने म्हणजे काय ते गुडघ्यांना विचारा. तिसऱ्या जिन्याच्या वळणावर दम घ्यायला थांबलो.

मला कुणी सांगितलं होतं डावखुरीचं? कुणीच नाही. तिची फिजिओ बोलली नाही, कोच बोलला नाही. मला रॅकेटनं सांगितलं.

मी खिशात हात घातला. ताईसाठी कापलेला फोटो आठवडाभर तिथेच होता, घडीवर फाटत आलेला. बाकावर भिंगरी टॉवेल पांघरून. बाजूला उघडी बॅग. बॅगेतून वर आलेल्या तीन दांड्या, तीन पांढऱ्या पट्ट्या, तीनदा लाल अक्षरात एकवीस. मागे पिवळी तार. चष्मा न लावता वाचता येत होतं. पहिल्या फेरीच्या वेळी त्याच जागच्या पट्ट्यांवर चोवीस होतं, आणि तारा काळ्या. ती बॅग सरावाला कोर्टच्या कडेला उघडी पडलेली असायची, मॅचला बाकावर, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. जगात रॅकेट वाचणारा मी एकटाच आहे, असं मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. घामानं डोळे चुरचुरले तरी दिसावं, म्हणून मोठ्ठं लिहिलं होतं मी. तसं ते सगळ्यांना दिसलं.

मी जिन्यात बसलो. येणारेजाणारे खेळाडू मला ओलांडून जात होते. एकीनं विचारलं, पाणी हवंय का. मी नको म्हटलं. मग उठून फ्लॅटवर गेलो.

भिंगरी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर खांद्याला बर्फाची पिशवी बांधून बसली होती. मी तो फोटो टेबलावर ठेवला आणि आकड्यावर बोट ठेवलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही. एवढी वर्षं माझ्याबरोबर काढलेली, तिलाही थोडंफार वाचता येतं.

"हे तुला आज कसं सुचलं?" तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. "डावखुरीच्या रॅकेटी बघितल्या. पंचवीसचे बावीस झालेत. तुला सांगायला धावत येत होतो."

"म्हणजे तिचा हात गेलाय."

"हो."

"आणि हे तू आत्ता मला सांगितलंस."

मी चष्मा पुसायला घेतला.

"पहिल्या फेरीतही सांगितलं होतंस," ती म्हणाली. "मी ऐकलं होतं. मला गंमत वाटली होती." तिनं फोटोची घडी घातली आणि माझ्याकडे सरकवली. "उद्या तिच्या घोळक्यातही कुणीतरी कुणावर तरी आळ घेईल, मामा. फिजिओला फोन कर. मी करणार नाही. तूच कर."

मी केला. तिच्यासमोरच केला. काय बोललो ते धड आठवत नाही. माझं चुकलं, एवढं दोनतीनदा म्हटलं. पट्टीचं सांगितलं, आकड्याचं सांगितलं, पाया पडतो असंही म्हटलं.

"खांद्यावर आत्ता काय आहे?" फिजिओनं विचारलं.

"बर्फ."

"कधीपासून?"

मी भिंगरीकडे बघितलं. "अर्धा तास झाला असेल."

"काढा तो. वीस मिनिटांच्या वर ठेवायचा नाही, पानावर लिहून दिलंय मी." आणि तासाभरात ती पिशवी घेऊन दारात हजर. माझ्या बाजूनं आत गेली, हात धुतले आणि कामाला लागली. मी तिला चहा करून दिला. तिनं घेतला. बोलली मात्र सरांशीच.

सेमीफायनलच्या रॅकेटी मीच ओढल्या. पट्टी लावली नाही. पेनाचं टोपण उघडून पुन्हा लावलं. कोर्टवर सरांनी बॅगेची चेन बंद ठेवायला लावली. डावखुरीनं दुसऱ्या सेटमध्ये कोपर धरून मॅच सोडली. मी दिलेली खबर भिंगरीनं वापरली की नाही, हे मी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. जाळीपाशी तिनं त्या मुलीला बराच वेळ धरून ठेवलं होतं, एवढं मी बघितलं. ताईचा फोन आला, ती फोनवर नुसती हुंदके देत होती. मला वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. पोरीनं मला माफ केलं.

फायनलच्या दिवशी सकाळी आमची खोली जवळजवळ रिकामी होती. पंधरातली चारच मशीन चालू. मी भिंगरीसाठी पिवळ्या तारेची गुंडाळी काढून ठेवली होती, मशीन पुसलं होतं. ती आली, हातात तीन रॅकेटी. सवयीनं मी हात पुढे केला. ती माझ्यासमोरून पुढे गेली आणि रॅकेटी शेजारणीच्या टेबलावर ठेवल्या. वर ऑफिसात जाऊन तिनं माझ्या जागी शेजारणीचं नाव लावून घेतलं होतं. चिठ्ठी घडी करून शेजारणीच्या मुठीत दिली.

मग माझ्याकडे आली. "चहा घेतलास का, मामा?"

"घेतला."

"रागावू नकोस," ती म्हणाली. "आज कुणालाच काही कळायला नकोय मला. तुलाही नाही."

मी मान हलवली. बरोबरच होतं तिचं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, उजवाच, आणि गेली. तिनं तो हात ठेवायला किती वर उचलला, हेही मी बघून घेतलं. मेली सवय जात नाही.

शेजारणीनं चिठ्ठी वाचून एप्रनच्या खिशात टाकली आणि माझ्याकडे पाठ करून तारा ओढायला घेतल्या. मी मुद्दाम भिंतीवरच्या कागदाकडे तोंड करून बसलो. 'या खोलीत दिसलेलं या खोलीतच राहील.' अर्ध्या तासानं तिची पहिली रॅकेट झाली. रॅकेट झाली की आम्ही सगळेच तारांवर तळहात आपटून बघतो, तशी तिनं थाप मारली. न बघता कान कसे बंद करणार? एकवीसचा आवाज मला पाठ होता, आठवडाभर तोच ऐकत होतो, भरड आणि बसका. हा चढा होता. साडेबावीस. दीड किलोनं वाढवून घेतले होते पोरीनं, पुन्हा तिच्या नेहमीच्या चोवीसाकडे. म्हणजे त्या फिजिओच्या बोटांनी दोन दिवसांत खांदा मोकळा केला होता. आज हात वर जाणार होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडाशी शब्द आले. ताईला फोन करावा, सरांकडे पळावं, निदान शेजारणीला तरी म्हणावं.

शेजारीण मागे वळली. तिला माझे कान माहीत आहेत, वीस वर्षांचा शेजार. रॅकेट छातीशी धरून तिनं विचारलं, "काय ऐकलंत, मामा?"

"काही नाही," मी म्हटलं. "मशीनचा आवाज फार आहे." आणि पिवळ्या तारेची गुंडाळी उचलून कपाटात ठेवली.